हेतू एकच, कामं हजार : केडगावच्या पंडिता रमाबाईंची जीवनकहाणी

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं केडगाव स्टेशन दौंडकरांना नवीन नाही. शिरूरकडची मंडळी न्हावऱ्याहून पारगावमार्गे भीमा ओलांडतात, चौफुल्याला येतात आणि तिथून केडगावच्या बाजाराला किंवा रेल्वेला जातात. जाता-येता मुक्ती मिशनचं नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. ही संस्था एका विधवा बाईनं उभी केली, हेही अनेकांना माहीत असतं. पण ती बाई कोण होती, कुठून आली आणि केडगावच्या माळावरच का थांबली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्या म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८, मृत्यू ५ एप्रिल १९२२. अवघं ६३ वर्षांचं आयुष्य. त्यात आई-वडील गेले, बहीण-भाऊ गेले, नवरा गेला, शेवटी एकुलती एक लेकही गेली. तरीही या बाईचा एक दिवस रिकामा गेला नाही. आपण सकाळी कशासाठी उठतो, याचं उत्तर त्यांच्याजवळ पक्कं होतं.

पहाटेची शाळा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. तरुणपणी ते पुण्यात शिकायला होते. पेशव्यांच्या वाड्यात बाईमाणसाला संस्कृत शिकवलं जातं, हे त्यांनी तिथं पाहिलं आणि ते त्यांच्या मनात बसलं. पुढं त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला सुरुवात केली. त्या काळात ही गोष्ट कुणाला पटणारी नव्हती. नातेवाईक रागावले, गावात बोभाटा झाला. धर्मसभेपुढे उभं राहून शास्त्रात याला मनाई नाही, हे त्यांना सिद्ध करावं लागलं.

शेवटी त्यांनी सह्याद्रीच्या जंगलात, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ इथं, घर बांधलं आणि तिथंच विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली. रमाबाईंचा जन्म तिथलाच. पण येणाऱ्या-जाणाऱ्याचं खाणं-पिणं आणि विद्यार्थ्यांचा खर्च यात होतं नव्हतं ते संपलं, कर्ज झालं. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडलं. वेताच्या पेटीत घातलेलं ते तान्हं बाळ माणसाच्या डोक्यावरून जंगलाबाहेर आलं. पुढची कितीतरी वर्षं या घराला कायमचं छप्परच नव्हतं.

देवळात पुराण सांगायचं, लोक जे धान्य आणि पैसे देतील त्यावर राहायचं, आणि पुढच्या गावी निघायचं. वडील म्हातारे झाले होते, म्हणून रमाबाईंना शिकवण्याचं काम आईनं घेतलं. दिवसभर घरकामाचा रगाडा असायचा. त्यामुळे आई पहाटे, पाखरं जागी व्हायच्या वेळेला लेकीला उठवायची आणि पाठ द्यायची. शाळा नव्हती, पाटी नव्हती. तरी मुलीला भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

थोरल्या बहिणीचं लग्न लहानपणी लावलं होतं आणि ते दुःखाचं ठरलं होतं. म्हणून धाकटीच्या लग्नाची घाई वडिलांनी केली नाही. त्या काळी हीच मोठी बंडखोरी होती.

विद्या होती, पण हाताला काम नव्हतं

नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला. देवळात पुराण ऐकायला कोण येणार आणि आले तरी देणार काय? घरातली भांडी, दागिने, कपडे एकेक करून विकले गेले. भीक मागायची लाज, आणि मजुरी कशी करायची हे कुणालाच येत नव्हतं. ब्राह्मण्याचा आणि विद्येचा मान इतका मोठा, की पोट भरण्यापुरता एखादा धंदा शिकावा हे कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. चार ग्रंथ पाठ असलेलं कुटुंब झाडाचा पाला खाऊन दिवस काढू लागलं.

१८७४ मध्ये वडील गेले. काही आठवड्यांतच आई गेली. आईला उचलायला माणसं मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, ते पुढं झाले. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाईंनी उरलेला भार घेतला. रमाबाई उंचीला कमी, म्हणून खांद्यावर घेता येईना. त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. त्या वेळी त्या १६ वर्षांच्या होत्या. पुढं थोरली बहीणही गेली.

हा अनुभव त्या कधी विसरल्या नाहीत. माणूस कितीही शिकलेला असला, पण त्याच्या हाताला पोट भरण्याचं काम येत नसेल, तर वाईट दिवसांत ती विद्या अपुरी पडते. २० वर्षांनंतर केडगावात जे उभं राहिलं, त्याचं बी या दुष्काळात पडलं होतं.

पायी फिरलेला देश

उरले ते दोघे भाऊ-बहीण. दोघांनी पायी देश पालथा घातला. दक्षिणेतून उत्तरेत, पंजाबपर्यंत. थंडीत अंगावर घ्यायला काही नसायचं. झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डा करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. मिळेल ते खायचं, नाहीतर उपाशी झोपायचं.

या भटकंतीत रमाबाईंनी डोळे उघडे ठेवले. गावोगावी त्यांनी विधवा मुली पाहिल्या. आठ-दहा वर्षांची पोर, नवऱ्याचं तोंडही नीट आठवत नाही, आणि आयुष्यभरासाठी पांढऱ्या पायाची ठरलेली. तिला शिक्षण नाही, माहेर नाही, सासरी मान नाही.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. २० वर्षांची एक मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, शास्त्रावर वाद घालते, हे पाहून तिथले पंडित चकित झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. बंगाल-आसामात रमाबाईंची भाषणं होऊ लागली. विषय बहुतेक वेळा एकच असायचा, बाईचं शिक्षण.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. दोघांनी मिळून बालविधवांसाठी शाळा काढायचं ठरवलं होतं. १८८१ मध्ये मनोरमा झाली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच ४ फेब्रुवारी १८८२ ला कॉलऱ्यानं बिपिनबिहारी गेले. ज्या विधवांसाठी शाळा काढायची, त्यांच्यातच रमाबाई जाऊन बसल्या. वय २३, कडेवर तान्हं पोर.

पुण्यात पाऊल

याच वर्षी त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण भांडारकर अशा सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. रमाबाईंनी आर्य महिला समाज सुरू केला. बायकांनी एकत्र जमावं, वाचावं, बोलावं यासाठी ही संस्था होती. रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे याही त्या सभांना येत असत.

त्याच वर्षी सरकारचा हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करायला पुण्यात आला. रमाबाईंनी आयोगापुढं मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळांना शिकलेल्या बाई शिक्षिका हव्यात, तपासणीलाही बायकाच हव्यात आणि मुलींना डॉक्टरकीचं शिक्षण मिळालं पाहिजे, कारण कितीतरी बायका पुरुष वैद्याला दुखणं सांगत नाहीत आणि तशाच मरतात, हे त्यांनी मांडलं.

नुसतं सांगून त्या थांबल्या नाहीत. स्वतःच डॉक्टर व्हायचं त्यांनी ठरवलं. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं, त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशांतून बोटीचं भाडं उभं केलं आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमाला घेऊन इंग्लंड गाठलं.

पण तिथं वेगळंच झालं. त्यांना कानानं कमी ऐकू येऊ लागलं होतं. डॉक्टरकी शिकणं शक्य नाही, असं ठरलं. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच दार बंद झालं. अशा वेळी माणूस हताश होऊन परत फिरतो. रमाबाईंनी वाट बदलली, हेतू मात्र तोच ठेवला. डॉक्टर होता येत नसेल तर शिक्षिका होऊ, असं ठरवून त्यांनी चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात स्वतः शिक्षण घेतलं आणि तिथंच संस्कृत शिकवलंही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात मोठी खळबळ उडाली. जिला पंडिता म्हणून डोक्यावर घेतलं, तिनंच धर्म सोडला म्हणून टीका झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये सत्सार या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली.

धर्म बदलला तरी रमाबाईंनी आपली बुद्धी कुणाकडं गहाण ठेवली नाही. तिथल्या धर्मगुरूंनी सांगितलं म्हणून एखादी गोष्ट मान्य करायची, हे त्यांना जमलं नाही. त्यांच्याशीही त्या वाद घालत राहिल्या. साडी सोडली नाही, मांसाहार केला नाही.

अमेरिकेतून आणलेली शिदोरी

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ तिथं राहिल्या. हा काळ त्यांनी समारंभांत घालवला नाही. लहान मुलांना खेळातून कसं शिकवायचं, याचं बालवाडीचं शिक्षण घेतलं. शाळा, कारखाने, बायकांच्या संस्था बघितल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच्या हजारो प्रती खपल्या. गावोगावी भाषणं दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या नावानं मंडळ स्थापन झालं आणि भारतातल्या विधवाश्रमाला दहा वर्षं मदत करायचं त्या मंडळानं कबूल केलं.

दहा वर्षं हा आकडा रमाबाईंनी नीट ध्यानात ठेवला. दहा वर्षांनी काय, हा विचार त्यांनी पहिल्या दिवसापासून केला.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. तिचं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. पुढं कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणाचं केवढं काम केलं, ते सर्वांना माहीत आहे. त्या घरात शारदा सदनात शिकलेली बाई होती.

पुणं दुरावलं

शारदा सदनात कुणावर धर्माची सक्ती होणार नाही, असं सुरुवातीला ठरलं होतं. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या, तेव्हा दार उघडं असायचं. काही मुली जाऊन बसू लागल्या, काहींना तो धर्म आवडू लागला. १८९३ मध्ये वाद पेटला. केसरीनं सडकून टीका केली. पालकांनी मुली काढून घेतल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

या वादात दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं. विश्वासानं पाठवलेल्या मुलींबद्दल पालकांना काळजी वाटली, यात नवल नव्हतं. मोठ्या मुलीला दारातून आत यायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्यावं, ही रमाबाईंची भूमिका होती. पुढं केडगावची संस्था तर उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच चालली. या एका कारणानं मराठी समाजानं त्यांना पुष्कळ वर्षं दूर ठेवलं. त्यांच्या कामाची नीट नोंद घ्यायला पुढच्या पिढ्या याव्या लागल्या.

रमाबाईंनी त्या वादात आयुष्य घालवलं नाही. ज्या मुली उरल्या त्यांची शाळा दुसऱ्या दिवशीही भरली.

केडगावची शंभर एकर

अमेरिकेची मदत संपायच्या आत संस्थेला स्वतःचं उत्पन्न हवं, म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. रेल्वे जवळ होती. विचार साधा होता. फळझाडं लावायची, बाग धरली की त्या उत्पन्नावर शाळा चालवायची. आज या पट्ट्यात ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत. तेव्हा ती बरीचशी कोरडी, उघडी जमीन होती. तिथं विहिरी खोदल्या गेल्या, झाडं लागली.

पण झाडांना फळं धरायच्या आधीच माणसं आली.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या बाजूला, भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे जुने दिवस आठवले. त्या तडक तिकडं गेल्या. रस्त्याकडेला, छावण्यांत, झाडांखाली हाडांचे सापळे झालेल्या मुली बसलेल्या. त्यांना फसवून नेणारे दलालही तिथंच फिरत होते. रमाबाईंनी जमेल तेवढ्या मुली गोळा केल्या आणि घेऊन आल्या. काही महिन्यांत ही संख्या ३०० च्या आसपास गेली.

इकडं पुण्यात प्लेग सुरू झाला होता. एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. मग केडगावची जमीन कामाला आली. घाईघाईनं छपरं उभारली, मुलींना तिथं हलवलं. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं, ते असं.

प्लेगच्या काळात पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात बायकांचे हाल होतात, त्यांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, अशी तक्रार रमाबाईंनी वर्तमानपत्रातून जाहीरपणे केली. प्रकरण गव्हर्नरपर्यंत गेलं. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रज सरकारच्या ताटाखालचं मांजर झाल्या नव्हत्या, हे त्यातून सगळ्यांना दिसलं.

१९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला. पुन्हा मुली आल्या, या वेळी हजाराच्या वर. मुक्तीतली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. एक मोठी वस्तीच ती.

दोन हजार माणसांचा दिवस

दोन हजार जणींचं रोजचं रहाटगाडगं कसं चालवायचं? रमाबाईंची खरी ओळख इथं होते. भाषणं देणारी, पुस्तकं लिहिणारी बाई इथं धान्याच्या पोत्यांचा हिशोब ठेवत होती.

दिवस पहाटे सुरू व्हायचा. घंटा झाली की उठायचं, प्रार्थना, मग वाटून दिलेली कामं. मुलींचे गट पाडलेले. प्रत्येक गटावर एक मोठी बाई, आईसारखी. थोरलीनं धाकटीची वेणी घालायची, आंघोळ घालायची, अक्षर शिकवायचं. कुणी जात्यावर, कुणी स्वयंपाकाला, कुणी धुण्याला. शेतात खुरपणी, गोठ्यात दूध काढणं, मागावर कापड विणणं, शिवण, तेल काढणं, टोपल्या करणं. दिवसाचा काही वेळ शाळेचा. लिहिणं-वाचणं सगळ्यांना, आणि हाताला एक तरी काम येणं हेही सगळ्यांना सक्तीचं.

त्या सक्तीमागं दुष्काळात पाला खाणारे विद्वान आई-वडील होते. आपल्या दारातून बाहेर पडणारी मुलगी पुन्हा कुणाच्या दयेवर राहू नये, एवढाच त्यामागचा विचार. ती शिक्षिका झाली तर उत्तम, परिचारिका झाली तर उत्तम, नाहीतर मागावर बसली तरी स्वतःचं खाईल.

गरजेप्रमाणं एकेक नवं दालन उघडत गेलं. फसवल्या गेलेल्या मुलींसाठी कृपा सदन. म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन. आंधळ्या मुलींना बोटांनी ब्रेल वाचायला शिकवलं आणि विणकामालाही बसवलं. डोळे नाहीत म्हणून दिवसभर भिंतीला टेकून बसायचं, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. प्रत्येकीला तिचं काम हवं, कारण ज्याला काम आहे त्यालाच आपण कुणाला तरी हवे आहोत असं वाटतं.

पैशाचं म्हणाल तर कधी असायचा, कधी नसायचा. देणग्यांवर सगळा कारभार. पाऊस लांबला की विहिरींकडं डोळे. पण हातातलं काम पैसा येईपर्यंत थांबवून ठेवायचं, ही त्यांची रीत नव्हती.

सगळंच गोड होतं असं नाही. दुष्काळातून आलेल्या कितीतरी मुली इतक्या खंगलेल्या होत्या, की औषधपाणी करूनही वाचल्या नाहीत. काहींना शिस्त जाचायची, काही पळूनही जायच्या. उपाशी दिवसांची सवय लागलेल्या पोरी भाकरी लपवून ठेवायच्या, एकमेकींशी भांडायच्या. त्यांना माणसात आणायला महिने आणि वर्षं लागली.

छापखाना आणि शेवटचं काम

मुक्तीत छापखानाही आला. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही सगळी कामं बायका आणि मुलीच करत. एके काळी अक्षरओळख नसलेल्या पोरी पुस्तकं छापू लागल्या.

याच छापखान्यासाठी रमाबाईंनी आयुष्यातलं शेवटचं मोठं काम हाती घेतलं. मराठीत बायबल होतं, पण त्याची भाषा जड. केडगावातल्या पोरींना ती कळायची नाही. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण तिनं ठरवलं की भाषा खेड्यातल्या बाईला समजेल अशीच हवी. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक या दोन भाषा शिकल्या आणि मुळातून भाषांतर करायला बसल्या. संस्थेचा कारभार, आजारपणं, येणारे-जाणारे सगळं सांभाळून रोज थोडं थोडं. हे काम १५ वर्षांहून जास्त चाललं.

सोबतीला मनोरमा होती. ती बी.ए. झाली, शारदा सदनाची शाळा तिनं सांभाळली, आईचा उजवा हात झाली. संस्था पुढं तीच चालवणार, हे धरून चाललेलं. पण तिची तब्येत खालावली आणि २४ जुलै १९२१ ला मिरजेच्या दवाखान्यात ती गेली. वय ४०.

रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या. कान जवळजवळ गेलेले, शरीर थकलेलं, आणि आता लेकही नाही. भाषांतराचं काम मात्र टेबलावर उघडं होतं. त्या पुन्हा त्या टेबलाशी बसल्या. आठ-नऊ महिन्यांनी शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि त्यानंतर लगेचच, ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच त्यांनी डोळे मिटले. ते बायबल त्यांच्या मागं पूर्ण छापून निघालं, आणि तेही मुक्तीतल्या बायकांच्या हातून.

मागं काय राहिलं

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं होतं. १९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. मुक्ती मिशन आजही केडगावात सुरू आहे.

रमाबाईंचा धर्म, त्यांची मतं, त्यांचे निर्णय सगळ्यांना पटतीलच असं नाही. त्यांच्या हयातीतही पटले नव्हते. पण त्यांच्या आयुष्याकडं पाहताना एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. निराधार बाईला स्वतःच्या पायावर उभं करायचं, हे त्यांनी तरुणपणीच ठरवलं. मग त्यासाठी कधी संस्कृत कामाला आणलं, कधी इंग्रजी, कधी फळझाडं, कधी विहीर, कधी माग, कधी छापखान्याचे खिळे. डॉक्टर होता आलं नाही तर शिक्षिका झाल्या. पुणं दुरावलं तर केडगाव जवळ केलं. बाग फुलली नाही तर तिथं माणसं जगवली.

मोठा हेतू म्हटला की लोकांना वाटतं तो मोठ्या माणसांचा प्रांत. आपल्याला रोजचा संसार, शेत, गोठा, पोरांच्या फिया, उसाचं बिल यातून सवड कुठं? पण मुक्तीतल्या दिवसात याहून वेगळं काय होतं? दळण होतं, धुणं होतं, खुरपणी होती, दूध होतं. फरक एवढाच की ते दळण कशासाठी दळायचं, हे तिथं दळणाऱ्या प्रत्येकीला माहीत होतं.

आज शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर बचत गटात सही करणारी, शिलाई मशिन घेणारी, लेकीला बारावीच्या पुढं शिकवायचंच असं ठरवून पहाटे गोठ्यात जाणारी बाई भेटते. तिनं रमाबाईंचं नाव ऐकलेलं असेल किंवा नसेल. पण सव्वाशे वर्षांपूर्वी केडगावच्या माळावर पहाटेच्या घंटेला उठणाऱ्या त्या पोरींशी तिचं नातं आहे.

पुढच्या वेळी केडगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत असाल, तर पोराबाळांना एवढं जरूर सांगा, की आईचा भार डोक्यावर वाहून नेणारी एक १६ वर्षांची पोर पुढं याच गावात आली आणि दोन हजार लेकींची आई झाली.